रुसलेल्यांचा पिंजरा

१४ सप्टेंबर

आज ओरेस्टच्या कवटीला भोक पाडलं. पेन्सिलीएवढं. त्यातून औषध आत सोडलं, वर टाके घातले, झालं. लिहिताना भयंकर वाटतंय, पण उंदरांच्या बाबतीत हेच मी चहा पिता पिता करते.

मला आत सोडलं नाही. बरोबरच आहे म्हणा. औषध माझं आणि भाऊही माझा, मग मी बाहेरच बरी. माणसांवरचा प्रयोग डॉ. ऑल्डरिज करतात, त्यांच्या हॉस्पिटलात, आमच्या सॅस्कटूनहून विमानाने दोन तासांवर. माझं काम उंदरांपुरतं. ओरेस्टला निवडण्यात माझा हात नाही असं मी लेखी दिलंय. हात नाही हे खरं. तोंड होतं. ऑल्डरिजना फोन करून "माझा भाऊ तुमच्या सगळ्या अटींत बसतो बरं का" असं मीच म्हटलं होतं. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी त्याला मेंदूचा झटका आला आणि उजवा हात गेला. हात आहे जागच्या जागी, पण मेंदूतून हाताकडे जाणारे तंतू तुटले. तान्ह्या बाळाच्या मेंदूत असे तंतू पुन्हा वाढतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत ब्रेक लागलेला असतो, काही म्हणजे काही पुढे सरकत नाही. माझं औषध तो ब्रेक काढतं. त्याच्यासोबत दुसरं एक द्रव्य जातं, ते वाढत्या टोकांना वाट दाखवतं: इकडे या, हाताकडे. वाढवणं मला दहा वर्षांपूर्वीच जमलं होतं. वळवण्यात केस पांढरे झाले.

कॉलीन, माझी वहिनी, बाहेर विणत बसली होती. दोन तासांत विणलं त्यापेक्षा उसवलंच जास्त.

शुद्धीवर आल्यावर ओरेस्टचं पहिलं वाक्य: "काय गं शहाणे, आता मी चीज मागायला लागलो तर?"

"आमच्या उंदरांना साखर देतो आम्ही."

"मग हरकत नाही," म्हणाला आणि झोपला.

२ ऑक्टोबर

उंदरांची नवी तुकडी सुरू. काम तेच. काचेच्या पेटीला फट असते, फटीबाहेर साखरेचा दाणा. उंदराने पंजा बाहेर काढून दाणा उचलायचा. आम्ही आधी तो पंजा लुळा केलेला असतो, नंतर अर्ध्या उंदरांना औषध देतो, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग कुणाला किती वेळा जमलं ते मोजत बसायचं.

मोजायला उंदराची मर्जी लागते. म्हणून जुना नियम आहे: सलग तीन दिवस जो दाण्याला हातच लावत नाही तो बाद. आकड्यांतून बाद, पुढच्या तपासणीतूनही बाद. हा नियम मला माझ्या गुरूंनी शिकवला, त्यांना त्यांच्या. आमच्या धंद्यात कुणी त्याच्याबद्दल विचारही करत नाही. हात धुवावेत तसा तो पाळायचा. ज्याला दाणा नकोच आहे त्याच्यावरून हात बरा झाला की नाही हे कसं कळणार?

मिरेय, माझी विद्यार्थिनी, केबेकची पोरगी, बाद उंदरांना 'रुसलेले' म्हणते. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यावर तिने तशी चिठ्ठीही चिकटवलीय, फुलंबिलं काढून.

२९ ऑक्टोबर

या खेपेला रुसलेले फार झाले. चौदा नंबरचा उंदीर तर माझा लाडका होता. पहिले काही आठवडे मागची सगळी कसर भरून काढल्यासारखा दाणे उचलत होता आणि एकदम बंद. आता पाण्याच्या बाटलीच्या लोखंडी तोटीला पंजा टेकवून दिवसभर बसतो. मी म्हटलं, बघ, पंजावर भार घेतोय. आधी घेत नव्हता.

मिरेय म्हणाली, "स्तेफा, सगळे औषधवालेच कसे काय रुसतात?"

"डोकं फोडलंय त्यांचं. तूही रुसली असतीस."

"पाणीवाल्यांचंही फोडलंय की."

"मग ते स्वभावाने चांगले असतील."

ती हसली, मीही हसले. महिनाअखेरीला बाद उंदीर निकालात काढतात. मिरेयने चौदाला ठेवून घ्यायची परवानगी मागितली, नव्या मुलांना उंदीर धरायला शिकवण्यासाठी. मी दिली. तेवढाच तिला विरंगुळा.

९ नोव्हेंबर

ओरेस्टचा अंगठा हलला!

कॉलीनचा फोन आला तेव्हा मी दुकानात रांगेत उभी होते. टोपली तिथेच टाकली आणि गाडी काढली. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याचा हात ठेवलेला, दोन वर्षं नुसता पडून असलेला हात, आणि अंगठा आत वळतोय, बाहेर येतोय. आत, बाहेर. मी रडले, कॉलीन रडली. तो म्हणाला, "दोघी रडताय काय? पैज लावा, करंगळी कधी हलेल त्याच्यावर."

हा माणूस कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत नेमक्या जागी पोचवायच्या खेळाच्या क्लबात, बर्फ करायचा. पाठीवर टाकी, हातात झारी, आणि उलटं चालत चालत बर्फावर पाण्याचे थेंब मारायचे. ते थेंब गोठून बारीक दाणे होतात आणि दगड त्यांच्यावरून धावतो. मनगट जरा वाकडं फिरलं की दगडही वाकडा. त्याने केलेला बर्फ ओळखू यायचा, बाहेरगावचे लोक येऊन विचारायचे कुणी केलाय. शिवाय आमच्या संघाचा कप्तान तोच. मी झाडणारी. दगड सुटला की त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं, म्हणजे तो लांब जातो, सरळ जातो. हा पलीकडच्या टोकाला उभा राहून बोंबलायचा, "झाडा! झाडा!" आणि दगड वाटेला लागला की, "झाडू वर!" झाडू वर म्हटल्यावर हात तिथेच थांबला पाहिजे, नाहीतर घरी जाईपर्यंत शिव्या.

माझं काम लोकांना समजावताना मी हेच सांगते. दगड सोडणं कुणालाही जमतं.

२३ नोव्हेंबर

रविवारचं जेवण ओरेस्टकडे. कोबीचे रोल होते. बाहेर उणे बावीस आणि हा बाही वर करून खिडकीशी बसलेला, तळहात काचेला लावून.

"गार लागतंय?" मी विचारलं.

"लागतंय की."

अहो, दोन वर्षं त्या हातावर उकळतं पाणी सांडलं असतं तरी त्याला कळलं नसतं! मी लगेच ऑल्डरिजना कळवलं.

जाताना दारात म्हणाला, "जरा आग होते गं. बाही नको वाटते. ठीक आहे ना?"

"ठीक? उत्तम लक्षण आहे. तार जुळताना ठिणगी पडायचीच."

"मग पडू दे," म्हणाला.

१२ डिसेंबर

परिषदेतल्या आजच्या भाषणात नऊ नंबरच्या उंदराचं चित्रीकरण दाखवलं. दाण्यामागून दाणा, जणू हात कधी लुळा नव्हताच. लोक उभे राहिले. पंचवीस वर्षांत माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं, बससुद्धा नाही! हॉटेलच्या खोलीत आल्यावर मी एकटीच केकचा आख्खा तुकडा खाल्ला.

मिरेयचा निरोप: चौदाने पंजा चाटून चाटून केस घालवलेत आणि आज सगळ्या बोटांना जखम आहे. पशुवैद्य म्हणाले दुसऱ्या उंदराने चावलं असेल, बोटं काढावी लागतील. काढा म्हटलं. उंदीर भांडायचेच.

६ जानेवारी

जुन्या पंचांगाची नाताळची रात्र. आमच्या युक्रेनियन घरात अजून हीच पाळतात. टेबलावर बारा पदार्थ, मेलेल्यांसाठी एक ताट वेगळं. आधी कुत्या, म्हणजे गहू, खसखस, मध. घरातल्या कर्त्याने त्यातला चमचाभर छताकडे उडवायचा, चिकटला तर वर्ष चांगलं. ओरेस्टला झटका आल्यापासून हे काम मी करत होते आणि माझा चमचा दोन्ही वर्षं कॉलीनच्या डोक्यावर.

या वर्षी तो उठला. चमचा उजव्या हातात घेतला. कुणी श्वास घेईना. उडवला आणि चिकटला! असा चिकटला की अजून तिथेच असेल. सगळे ओरडलो, कॉलीनने त्याचे दोन्ही गाल धरले. त्याचं तोंड मात्र पांढरं पडलेलं. भरून आलं असणार. "आलो हं," म्हणून तो मागच्या पडवीत गेला. खिडकीतून पाहिलं तर हातमोजा न घालता पडवीच्या लोखंडी कठड्यावर उजवा हात टाकून उभा. खूप वेळ. मी मागे गेले नाही. पुरुषांना रडायचं असलं की एकटं सोडावं.

पेरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, थंड झाल्या. आल्यावर त्याने एकही खाल्ली नाही.

२८ जानेवारी

ऑल्डरिजकडून तक्रार. ओरेस्ट या महिन्याच्या तपासणीला गेलाच नाही. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"बर्फाचं काम आहे," तो म्हणाला. "क्लबवाल्यांनी मला परत घेतलंय. पहाटे जातो, झारी मारतो."

"उजव्या हाताने?"

"मग काय, पायाने?"

मी इतकी खूश झाले की रागवायचं राहून गेलं. पुढच्या महिन्यात नक्की जा एवढं म्हटलं. तो हो म्हणाला. झारी तर मारतोय!

११ फेब्रुवारी

कॉलीनचा फोन. "तुझ्या भावाला झालंय तरी काय? तोंडातून शब्द नाही. जेवायला हाक मारली तर येत नाही. काल ताट खोलीत नेऊन ठेवलं, सकाळी तसंच. दुसरी तपासणीही चुकवली. रुसून बसलाय नुसता."

"तू काही बोललीस का त्याला?"

"मी? मी सतरंजीवर सुद्धा हळू पाय टाकते आजकाल. रात्री हात पाण्याच्या बादलीत घालून बसतो, स्तेफा. विचारलं तर म्हणतो व्यायाम आहे."

गार पाण्याचा व्यायाम आमच्या यादीत नाही. ऑल्डरिजच्या माणसांनी नवा दिला असेल. आजारातून उठलेली माणसं कधी कधी उदास होतात, हेही मी कॉलीनला सांगितलं. सांगताना तिचा तो एक शब्द कानात अडकला. कुठे ऐकला होता ते आठवेना आणि मग दुसरा फोन आला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑल्डरिजचा प्रश्न: पुढच्या सात जणांना या आठवड्यापासून औषध द्यायचंय. एका रुग्णाने, नाव नियमाने सांगत नाहीत, आग होते असं सांगितलं होतं. तुमच्या उंदरांत दुखण्याची काही लक्षणं आढळली का?

सगळे आकडे पुन्हा काढून पाहिले. दाणे उचलणाऱ्यांत काही म्हणजे काहीच नाही. वजन चांगलं, झोप चांगली. मी उत्तर लिहिलं: मोजलेल्या एकाही प्राण्यात नाही, खुशाल पुढे जा. यात एक अक्षरही खोटं नाही.

पाठवायच्या आधी उगाच उठून खोलीत एक फेरी मारली. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी थांबले. चौदा पाठ करून बसला होता. नव्या मुलांच्या हाताला चावतो, म्हणून मिरेय आता कुणाला तो देत नाही. "काय रे, अजून राग गेला नाही?" म्हटलं. मग येऊन उत्तर पाठवून दिलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जमेल तसं लिहिते.

ओरेस्ट पहाटे क्लबात गेला तो न्याहारीला परतला नाही म्हणून कॉलीन बघायला गेली. दिवे लागलेले, टाकी बाजूला ठेवलेली. हा बर्फावर पालथा, उजवा हात पुढे पसरलेला. तिला वाटलं दुसरा झटका आला. जवळ गेली तर डोळे उघडे. हात बर्फावर ठेवून त्याने झारीने त्याच्यावर पाणी सोडलं होतं. ते गोठल्यावर पुन्हा. पुन्हा. मनगटापर्यंत हात बर्फात चिणला होता आणि वर थेंबांचे दाणेसुद्धा मारले होते, एकसारखे, बारीक. कॉलीन म्हणते, बर्फ इतका सुंदर झाला होता की तिला किंचाळताच येईना.

तिला बघून तो म्हणाला, "थांब गं जरा. आत्ताच कुठे बरं वाटतंय."

२२ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून मी घरी गेले नाही, प्रयोगशाळेत गेले. मिरेय रविवारचं दाणापाणी करायला आली होती. मी चौदाचा पिंजरा टेबलावर घेतला आणि समोर बसले.

"तो दुसरा उंदीर कोणता होता?" मी विचारलं. "डिसेंबरात याला चावला तो."

मिरेय गोंधळली. "दुसरा? बाकीचे रुसलेले तर ऑक्टोबरातच गेले ना. हा एकटाच होता."

चौदाच्या उजव्या पंजाला बोटं नाहीत. सगळी काढली आहेत, जखम कधीच भरलीय, वर गुळगुळीत कातडी. तो मान वाकवून चाटत होता. पंजा नाही. पंजाच्या पुढची मोकळी हवा, जिथे बोटं होती तिथली. जीभ थांबत नव्हती. मग तोटीकडे गेला, उरलेला खुंट लोखंडाला लावला, परत येऊन चाटायला लागला.

"रुसलेले नव्हते गं," मी म्हटलं. मिरेयने चिठ्ठी ओढून काढली. फुलांवरचा डिंक तेवढा राहिला.

तंतू वाढले, वळलेही. हाताकडे गेले आणि जाता जाता मेंदूतल्या ज्या घरात दुखणं राहतं त्या घरातही शिरले. मी फक्त हातापर्यंत पोचलेल्यांना मोजत होते. ज्यांना सहन होईना त्यांनी दाणा सोडला आणि मी म्हटलं, यांना मर्जी नाही. बाद.

२३ फेब्रुवारी

ओरेस्ट उशीला टेकून बसला होता. हातावर बोचक्याएवढं बँडेज. कॉलीनला त्याने चहा आणायला पाठवलं.

"सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. "इतके महिने! मूर्खा, एक फोन करायचास."

"तुला विचारलं होतं. तू म्हणालीस उत्तम लक्षण आहे."

मी खुर्ची घट्ट धरली.

"तुझ्यावर ढकलत नाही मी," तो म्हणाला. "मला वाटलं, ठिणगी आहे, जाईल. मग वाटलं, बोललो तर बंद करतील सगळं. पंचवीस वर्षं उंदीर सांभाळलेस तू. लग्न केलं नाहीस, कुठे फिरली नाहीस. माझ्या हाताला आग होते म्हणून तुझं दुकान बंद पाडू?"

"पाडायचं होतंस."

"हं. डॉक्टर आले होते. म्हणतात बोटं वाचायची नाहीत. कदाचित मनगटापासून काढावा लागेल." त्याचा आवाज एकदम हलका झाला, पोरगा सुट्टी मागतो तसा. "कापल्यावर तरी थांबेल ना, स्तेफ?"

त्याला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. चुकीचं सांगितलं, ते आलंच वर.

"नाही," मी म्हटलं. "ते हातात नाहीये. ते इथे वर आहे. हात गेला तरी राहील."

"औषध काढून घेता येतं?"

"वाढलेलं परत आखडत नाही."

तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, त्याने पुसलं नाही. मी त्याचा डावा हात धरला. इतका घट्ट त्याने माझा हात लहानपणीसुद्धा धरला नव्हता.

"रांगेत किती जण आहेत अजून?" त्याने विचारलं.

"सात."

"मग काय बसलीस इथे? झाडू वर!"

आवाज फुटला, पण कप्तानाचाच होता. मी उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन ऑल्डरिजना फोन लावला. सगळं सांगितलं, चौदा नंबरही. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"तुमच्या भावाच्या दोन तपासण्या चुकल्यात," ते म्हणाले. "आमच्या मोजणीतून तो तसाही बाद झाला होता. तुमचाच नियम आम्ही घेतला होता ना."

"सातांपैकी कुणालाही देऊ नका."

"पाच जणांचं थांबवतो. आत्ताच."

"पाच?"

"दोघांना गुरुवारी दिलं, डॉक्टर. बुधवारी तुमचं उत्तर आल्यावर थांबण्याचं कारण नव्हतं."

मी पायरीवर बसले. त्यांची नावं मला सांगता येत नाहीत, नियम आहे. पण ऑल्डरिजही माणूसच आहेत, त्यांच्या तोंडून निसटलं: एक जण सुतार, एक बाई पियानो शिकवते. बाई फार आनंदात आहे. आज सकाळीच विचारत होती, हाताला कळायला लागायला साधारण किती वेळ लागतो.

"काय सांगू तिला?" ऑल्डरिजनी विचारलं.

ओरेस्टला लागले तेवढे: सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत. आठ आठवडे, मी म्हटलं.